इमारत सरकारच्या पैशातून, वीजबिल पालिकेच्या : क्रीडा व करमणूक केंद्राच्या एका प्रस्तावाचा अभ्यास

पालिका मंडळाच्या बैठकीपुढे विषय एका ओळीचा होता. राज्य सरकारकडून पाच कोटींचे अनुदान मिळण्याची शक्यता आहे, तरी पालिकेच्या मोकळ्या जागेत क्रीडा व करमणूक केंद्र बांधण्यास मान्यता द्यावी. असे विषय बहुधा सूचक, अनुमोदक आणि 'एकमताने मंजूर' एवढ्यावर आटोपतात. इथे दोन बैठका लागल्या. दुसऱ्या बैठकीच्या अखेरीस आराखड्यातून जलतरण तलाव गेला, लग्नाचा हॉल गेला, इमारत जागेच्या दुसऱ्या टोकाला सरकली आणि केंद्र चालवण्याच्या खर्चासाठी वेगळे खाते उघडायचे ठरले. हे सगळे का झाले, याचा हा तपशील.

प्रकरण नमुन्यादाखल बांधलेले आहे. गोव्यात पणजी महानगरपालिका सोडून तेरा नगरपालिका आहेत आणि त्यांतल्या कुठल्याही मध्यम पालिकेत अशी चर्चा होऊ शकते, म्हणून पालिकेला नाव दिलेले नाही. रकमा हिशेबाला सोप्या जाव्यात अशा धरल्या आहेत. कायदे, मापे आणि कार्यपद्धती मात्र आहेत तशाच घेतल्या आहेत.

पैसा कोणत्या वाटेने येतो

७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात बागा, उद्याने, क्रीडांगणे या नागरी सुविधा आणि सांस्कृतिक, शैक्षणिक कामे ही नगरपालिकांची कामे म्हणून दिली आहेत. म्हणजे करमणूक केंद्र हे पालिकेचेच काम आहे, पण त्यासाठी लागणारा पैसा पालिकेकडे नसतो. घरपट्टी, बाजारातला सोपो (विक्रेत्यांकडून घेतली जाणारी बाजारफी), व्यापार परवाने, दुकानांची भाडी, बांधकाम परवान्यांचे शुल्क आणि जकातीऐवजी मिळणारे अनुदान यांतून पगार, कचरा आणि गटारे भागवता भागवता वर्ष संपते. पाच कोटींचे बांधकाम राज्याच्या मदतीशिवाय उभे राहत नाही, यावर पहिल्या बैठकीत कुणाचेच दुमत नव्हते.

दुमत झाले ते पुढच्या प्रश्नावर. बांधायचे कुणी? एक वाट म्हणजे अनुदान पालिकेच्या खात्यात घेऊन निविदा पालिकेनेच काढायची. दुसरी, गोवा राज्य नगरविकास यंत्रणेकडे, म्हणजे सगळे ज्याला 'जीसुडा' म्हणतात तिच्याकडे, काम सोपवायचे. तिसरी, साधनसुविधा विकास महामंडळ किंवा गोवा क्रीडा प्राधिकरण. पहिल्या वाटेत सगळे निर्णय आपल्या हातात राहतात, पण पालिकेचा अभियंता आणि त्याचे एक-दोन कनिष्ठ सहकारी रोजच्या गटारांत, पदपथांत आणि परवान्यांत अडकलेले असतात. अठरा मीटर रुंदीचे, मध्ये खांब नसलेले पोलादी छप्पर तपासून घेणे हे त्यांच्या नेहमीच्या कामातले नाही. म्हणून मंडळाने जीसुडाची वाट धरली. आमच्या मते ते योग्य झाले, पण एका अटीवर, आणि ती अट ठरावात लिहून घेतली गेली: तांत्रिक मंजुरीपूर्वी नकाशे आणि परिमाणपत्रक (कोणते काम किती मापाचे याची यादी) मंडळासमोर यायलाच हवे. ही अट नसली की पालिका स्वतःच्या जागेवर पाहुणी होते आणि इमारत कशी झाली ते तिला उद्‌घाटनाच्या दिवशी कळते.

'आमदारांनी शब्द दिलाय,' असे एक नगरसेवक म्हणाले. मुख्याधिकाऱ्यांनी उत्तर दिले की शब्दावर निविदा काढता येत नाही. प्रशासकीय मंजुरी, खर्चाची मंजुरी आणि तांत्रिक मंजुरी हे तीन कागद हातात येईपर्यंत पायाभरणीची तारीख धरू नये. पायाभरणी आधी आणि कागद मागाहून असे झाले की अडचण ठरलेलीच. निविदा अंदाजापेक्षा चढी येते, सुधारित मंजुरीसाठी फाईल पुन्हा पर्वरीला, सचिवालयात जाते आणि जागेवर फक्त कोनशिला उभी राहते.

मार्चचाही प्रश्न असतो. आर्थिक वर्ष संपता संपता अनुदानाचा हप्ता सुटतो, पालिका तो बँकेत ठेवते आणि काम ऑक्टोबरपर्यंत सुरूच होत नाही. अशा वेळी अनुदानाचे खाते स्वतंत्र हवे. त्यावरचे व्याज पालिकेचे उत्पन्न नाही, त्याचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेत गेले नाही तर पुढचा हप्ता अडतो, आणि कंत्राटदाराचे बिल थकले की पहिले कामगार जातात ते छपराचे, कारण त्यांना दुसरीकडे काम लगेच मिळते.

तीन कोटी पंच्याहत्तर लाखांचे पाच कोटी कसे होतात

पहिल्या बैठकीत सल्लागाराने दाखवलेल्या आराखड्यात बांधकामाचा खर्च ४.६० कोटी होता. 'पाच कोटींत बसते' असे सगळ्यांना वाटले. लेखापालांनी कागदावर बेरीज मांडली तेव्हा चित्र बदलले. ४.६० कोटींवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ८२.८० लाख. आकस्मिक खर्च ३ टक्के, १३.८० लाख. आराखडा व देखरेखीचे शुल्क ४ टक्के धरले तर १८.४० लाख. वीज-पाणी जोडणी, कोर्टाची मॅट, व्यायामशाळेची यंत्रे, फर्निचर मिळून ४५ लाख. एकूण ६.२० कोटी. बांधकाम कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर कंत्राटदाराच्या बिलातून कापला जातो, म्हणून तो वेगळा धरला नाही. पण निविदा भरणारा तो दरात धरूनच भरतो.

तूट १.२० कोटींची निघाली. तलाव, स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली काढल्यावर बांधकाम ३.७५ कोटींवर आले. त्यावर ६७.५० लाख जीएसटी, ११.२५ लाख आकस्मिक, १५ लाख शुल्क आणि ३५ लाख साहित्य व जोडण्या धरल्या की ५.०३७५ कोटी होतात. उरलेले पावणेचार लाख पालिका स्वतःच्या निधीतून घालू शकते. बांधकामाचा आकडा सभागृहात सांगताना त्याच्यासोबत हा पूर्ण आकडा सांगितला जावा, नाहीतर नगरसेवक एका रकमेला हात वर करतात आणि पालिका दुसऱ्याच रकमेला बांधली जाते.

जागेचा उतारा

सर्वांत जास्त वेळ याच मुद्द्यावर गेला आणि तो सार्थकी लागला. जागा 'पालिकेची' आहे असे गावात सगळेच म्हणत होते. मुख्याधिकाऱ्यांनी शहर सर्वेक्षणाचा 'डी' फॉर्म, म्हणजे जागेचा उतारा, मागवला. पी. टी. शीट क्रमांक (सर्वेक्षण नकाशाच्या पानाचा), चलता क्रमांक (त्या पानावरच्या भूखंडाचा), क्षेत्रफळ आणि धारकाचे नाव हे चारही रकाने वाचल्यावर दोन गोष्टी दिसल्या. मुख्य भूखंड पालिकेच्या नावावर होता. पण त्यात शिरायला वापरली जाणारी उत्तरेकडची चिंचोळी पट्टी वेगळ्या चलता क्रमांकात होती आणि तिथे कोमुनिदादचे, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकारांच्या जुन्या संस्थेचे, नाव होते. वर्षानुवर्षे लोक तिथून ये-जा करत असल्यामुळे कुणाला शंका आली नव्हती.

कोमुनिदादची जमीन मिळवायची तर गावकारांची सभा, सरकारची मान्यता आणि त्यानंतर नोंदणी असा प्रवास असतो. त्याला किती काळ लागेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. बहुतेक वेळा पालिका 'ना हरकत मिळेल' असे गृहीत धरून पुढे जाते. काम अर्ध्यावर असताना कुणीतरी न्यायालयात जातो आणि अनुदानाची मुदत टळते.

इथे अभियंत्याने सोपा मार्ग सुचवला. भूखंडाची दक्षिण बाजू पालिकेच्याच रस्त्याला लागते. इमारत त्या बाजूला सरकवली की प्रवेश तिथून मिळतो आणि कोमुनिदादच्या पट्टीला हात लावावा लागत नाही. नकाशावर हा बदल करायला फार तर एक दुपार लागते. पाया भरल्यावर तो करताच येत नाही. त्याच वेळी बाह्य विकास आराखड्यात रस्त्याची रुंदी किती दाखवली आहे आणि प्रत्यक्ष किती आहे हेही मोजले गेले, कारण अग्निशमन दलाच्या ना हरकत दाखल्यासाठी बंब आत येऊन वळायला हवा. भूखंडाचा झोन कोणता, वापर बदलाची सनद लागते का, हे नगरनियोजन खात्याकडून लेखी घ्यावे. तोंडी उत्तरावर अर्ज करू नये. आणि प्रस्तावासोबत 'डी' फॉर्म, सर्वेक्षण नकाशा व झोनचा दाखला ही तीन कागदपत्रे जोडली तर फाईल त्रुटी काढून परत येण्याची बहुतेक कारणे आधीच संपतात.

काय बांधायचे, काय नाही

सभागृहाचे माप शेवटी २७ मीटर लांब आणि १८ मीटर रुंद ठरले. त्यामागे हिशेब आहे. बॅडमिंटनचे दुहेरी कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर असते. तीन कोर्टे शेजारी शेजारी, मधे आणि कडेला दोन-दोन मीटर सोडले तर २६.३० मीटर होतात. त्याच जागेत व्हॉलीबॉलचे १८ बाय ९ चे मैदान चारही बाजूंना तीन मीटर मोकळी जागा ठेवून बसते, आणि पुरुषांच्या कबड्डीचे १३ बाय १० मीटरचेही. तुळईखालची मोकळी उंची नऊ मीटर. सहा-सात मीटरच्या हॉलमध्ये उंच मारलेले शटल छपराला लागते आणि मग तो हॉल कार्यक्रमांच्याच उपयोगाचा राहतो.

लग्नाच्या हॉलवर बराच वाद झाला. एका ज्येष्ठ नगरसेविकेचे म्हणणे होते की वर्षाला चाळीस लग्ने झाली आणि प्रत्येकी पंचवीस हजार मिळाले तर दहा लाख येतात, पालिकेला ते का नकोत? मुद्दा खरा आहे आणि पैसाही खरा आहे. पण खेळाच्या मॅटवर खुर्च्यांचे पाय रुततात, तेल सांडले की ती निसरडी होते, आणि मुहूर्ताच्या महिन्यांत शनिवार-रविवारी मुलांना बाहेर थांबावे लागते. मंडप, जेवण, गर्दी आली की पार्किंगच्या आणि अग्निसुरक्षेच्या अटीही वाढतात. मंडळाने तोडगा काढला: इमारतीबाहेर २० बाय १५ मीटरचे फरसबंदी अंगण, एका बाजूला उघडा कट्टा, विजेचे दोन पॉइंट आणि पाण्याचा एक नळ. सार्वजनिक गणपती, शिगमो, घुमट आरतीची स्पर्धा, उत्सवातले नाटक हे सगळे तिथे होऊ शकते आणि मॅट वाचते. लग्नांसाठी पालिकेचा जुना हॉल आहेच.

साठ चौरस मीटरची एक तालीम खोली मात्र सर्वांनी मान्य केली, आणि ती या आराखड्यातली सर्वांत चांगली खोली ठरेल असे आम्हाला वाटते. नाटकमंडळी आणि भजनी मंडळांना तालमीला जागा नसते. देवळाच्या सभामंडपात किंवा कुणाच्या तरी ओसरीवर ते भागवतात. तिला वेगळे दार आणि वेगळा मीटर ठेवला, म्हणजे मुख्य हॉल बंद असतानाही रात्री दहापर्यंत ती वापरता येईल. ज्येष्ठांच्या वाचनालयाची भिंत तिला लागून नको. पखवाज-झांजांचा आवाज पातळ भिंतीतून जातो. मध्ये सामानाची खोली टाकली तर वेगळा खर्च न करता आवाज अडतो.

तलाव गेला तो भांडवली खर्चापेक्षाही चालवण्याच्या खर्चामुळे. २५ बाय १२.५ मीटर आणि सरासरी १.४ मीटर खोली म्हणजे सुमारे ४.३७ लाख लिटर पाणी. ते सहा तासांत एकदा गाळणीतून फिरवायचे तर ताशी ७३ हजार लिटरचा पंप लागतो. साडेसात किलोवॅटची मोटर रोज बारा तास चालली तर महिन्याला २,७०० युनिट होतात. दोन पाळ्यांत चार जीवरक्षक, क्लोरीन आणि इतर रसायने धरली तर महिना सव्वा लाखाच्या आसपास खर्च. गोव्यात उघडा तलाव जून ते सप्टेंबर जवळजवळ रिकामा राहतो, पण गाळण बंद ठेवता येत नाही. चार दिवसांत पाणी हिरवे होते.

पाऊस

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. इथे इमारत बिघडते ती आधी छपरातून, मग फरशीतून.

छपराचे क्षेत्र सुमारे ६०० चौरस मीटर. ताशी १०० मिलिमीटरची सर आली तर तासाला ६० घनमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ लिटर पाणी खाली येते. सल्लागाराच्या चित्रात पन्हळ पॅरापेटच्या (छपराच्या कडेच्या बुटक्या भिंतीच्या) आत लपवलेली होती, कारण दर्शनी बाजू स्वच्छ दिसते. ती बाहेर काढायला लावली. पाने-कचरा अडकून आतली पन्हळ तुंबली की पाणी भिंतीवरून हॉलमध्ये उतरते आणि एका रात्रीत मॅट खराब होते. बाहेरची पन्हळ तुंबली तर पाणी अंगणात पडते, एवढेच. पत्रे ०.५ मिलिमीटर जाडीचे, रंगीत, ॲल्युमिनियम-जस्ताच्या लेपाचे. स्क्रू पत्र्याच्या उंच कडेवर घ्यायचे, खोबणीत नाहीत. रबरी वॉशर उन्हाने तडकतात, ते दर पाच वर्षांनी बदलण्याची तरतूद देखभालीत हवी. छपरावर पुढे सौर पॅनेल बसवायचे असतील तर त्यांचे वजन, चौरस मीटरला १५ ते २० किलो, आत्ताच कैचीच्या (छपर पेलणाऱ्या पोलादी सांगाड्याच्या) गणितात धरायला सांगावे. नंतर कैची बळकट करणे महाग पडते.

जमीन लाकडी नको. आपल्या हवेत वातानुकूलन नसलेल्या हॉलमधले लाकूड फुगते. काँक्रीटवर पीव्हीसी मॅट चालते, पण काँक्रीटखाली २५० मायक्रॉनचा प्लास्टिकचा थर अखंड पसरलेला हवा, आणि मॅट टाकण्यापूर्वी काँक्रीट वाळलेले हवे. तपासणी साधी आहे: पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतल्या बाजूने दवाचे थेंब दिसले किंवा काँक्रीट काळसर दिसले तर मॅट टाकू नये. उद्‌घाटनाच्या घाईत ही एक रात्र वाचवली जाते आणि पुढच्या पावसात मॅटखाली फुगवटे येतात.

दिवे कोर्टाच्या डोक्यावर नकोत, दोन कोर्टांच्या मधल्या रांगेत हवेत. वारा येण्याच्या झडपा उंचावर आणि खेळाडूंच्या बाजूंना, मागे नाहीत. वर पाहताना डोळ्यांत प्रकाश जातो आणि वाऱ्याने शटल वाहते, अशा तक्रारी टाळायच्या तर हे नकाशातच हवे.

कामाचा आदेश सप्टेंबरअखेर निघाला तर पाया आणि खांब डिसेंबरपर्यंत, कैच्या फेब्रुवारीत, पत्रे मेच्या मध्यापर्यंत होतात. हाच आदेश एप्रिलमध्ये निघाला तर खड्डे खणेपर्यंत पाऊस येतो, खड्ड्यांत पाणी साठते, बाजूची माती ढासळते आणि त्या कामाचे जादा बिल येते. म्हणून आदेश एप्रिल-मेमध्ये निघाला तर खोदाई ऑक्टोबरपर्यंत थांबवण्याची अट घातली.

चालवायचे कुणी, कशाने

महिन्याचा अंदाज असा मांडला गेला. चार सुरक्षारक्षक ७२ हजार, तीन सफाई कामगार ५१ हजार, एक व्यवस्थापक ३० हजार, अर्धवेळ वीजतंत्री १२ हजार, ६,००० युनिट वीज ४२ हजार, पाणी व साहित्य १५ हजार, किरकोळ दुरुस्ती २० हजार. एकूण २.४२ लाख, वर्षाला २९.०४ लाख. त्यात रंग, पत्रे, मॅट यांच्या मोठ्या दुरुस्तीसाठी बांधकामखर्चाच्या दीड टक्का दरवर्षी बाजूला टाकला, ५.६३ लाख. वर्षाला ३४.६७ लाख.

उत्पन्न: सकाळी तीन व संध्याकाळी पाच तास, तीन कोर्टे, महिन्याचे २६ दिवस, तासाला १५० रुपये आणि ६० टक्के वापर धरला तर ५६ हजार. व्यायामशाळेचे १२० सभासद महिना ६०० रुपयांनी ७२ हजार. तालीम खोली १० हजार. वर्षाला १६.५८ लाख. तूट १८ लाखांची, महिन्याला दीड लाख. तलाव ठेवला असता तर खर्च आणखी पंधरा लाखांनी वाढला असता.

दीड लाख महिना ही रक्कम पालिकेला पेलवणारी आहे, फक्त ती आधी ठाऊक असायला हवी. सभागृहात असेही सुचवले गेले की वित्त आयोगाच्या पैशातून ही तूट भागवावी. ते जमत नाही. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातल्या अनुदानात ४० टक्के भाग मुक्त होता, पण तोही पगार आणि आस्थापनेवर खर्च करता येत नव्हता; उरलेला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेशी बांधलेला होता. छपरावरच्या सौर पॅनेलसारख्या भांडवली कामासाठी मुक्त भाग वापरता येत होता. रखवालदाराचा पगार घरपट्टी आणि सोपोतूनच निघणार.

केंद्र खासगी कंत्राटदाराला चालवायला देण्याची सूचना मतांनी फेटाळली गेली. ती सरसकट वाईट नाही. पण दर, वेळा आणि स्थानिक मुलांसाठी राखीव तास करारात न लिहिता दिलेले केंद्र वर्षभरात महागडी जिम होऊन बसते. पहिली दोन वर्षे पालिकेने स्वतः चालवावे आणि खरे आकडे हाती आल्यावर निविदेचा विचार करावा, हा मंडळाचा निर्णय आम्हाला पटतो.

ठरावात काय आले

ठरावाचा मसुदा मुख्याधिकाऱ्यांनी वाचून दाखवला. अनुदान स्वीकारण्यास मान्यता, दक्षिणेकडून प्रवेश असलेला सुधारित नकाशा, तांत्रिक मंजुरीपूर्वी परिमाणपत्रक मंडळापुढे ठेवण्याची अट, अंदाजपत्रकात 'केंद्र देखभाल' असे स्वतंत्र शीर्ष आणि त्यात पहिल्या वर्षापासून १८ लाखांची तरतूद, शाळकरी मुलांना दुपारी तीन ते पाच मोफत कोर्ट. प्रवेशाला १:१२ उताराचा रॅम्प आणि तळमजल्यावर दिव्यांगांसाठी स्वच्छतागृह हेही स्पष्ट लिहिले गेले. ते 'नियमानुसार' एवढ्या शब्दांवर सोडले की रॅम्प मागच्या दाराला जातो.

ताबा घेण्याची अटही त्यातच आहे. जीसुडाकडून इमारत घेताना पालिका अभियंत्याने त्रुटींची यादी करायची, आणि छपराची चाचणी पावसाळा नसेल तर अग्निशमन दलाच्या पाइपने अर्धा तास पाणी मारून घ्यायची. वायरिंगचे नकाशे, पंप व लिफ्टची हमीपत्रे, सर्व किल्ल्यांचे दोन संच आणि वीजजोडणी पालिकेच्या नावावर झाल्याची पावती मिळाल्याशिवाय ताबापावतीवर सही करायची नाही. जोडणी कंत्राटदाराच्या तात्पुरत्या मीटरवर राहिली तर वीज खाते ती तोडते, आणि नवी जोडणी मिळेपर्यंत मॅटवर बुरशी धरते.